एलईडी बल्बच्या खोक्यावर ड्रायव्हरचेही आयुष्य छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एलईडी बल्बच्या खोक्यावर ठळक अक्षरांत '२५,००० तास' छापलेले असते आणि आतला बल्ब वर्ष-दीड वर्षात उडतो, ही तक्रार सतत कानावर येते. ग्राहकाला वाटते, आपल्याच वाट्याला खराब नग आला. विक्रेता व्होल्टेज वर-खाली झाल्याचे सांगतो. कधी कधी तसे असतेही, पण खरी गोम खोक्यावरच्या आकड्यात आहे. तो आकडा आतल्या सुट्या एलईडींचा, म्हणजे प्रकाश देणाऱ्या बारीक ठिपक्यांचा असतो आणि बल्ब जातो बहुधा त्यांना वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या छोट्या सर्किटमुळे. त्या ड्रायव्हरच्या आयुष्याबद्दल खोक्यावर चकार शब्द नसतो. ते आयुष्य छापणे उत्पादकांवर बंधनकारक करावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

२५,००० तास म्हणजे दिवसरात्र अखंड जळत ठेवल्यास जवळपास २ वर्षे १० महिने. एवढा वेळ बल्ब जाळून पाहायचा आणि मग बाजारात आणायचा, हे कोणालाच परवडणारे नाही. तोवर ते मॉडेलच बंद झालेले असते. जुन्या तारेच्या बल्बचे १,००० तासांचे आयुष्य ४२ दिवसांत प्रत्यक्ष मोजता येत असे. एलईडीच्या बाबतीत मात्र अंदाज बांधावा लागतो. त्याची पद्धत ठरलेली आहे. 'एलएम-८०' या चाचणीत सुट्या एलईडी ठरावीक तापमानाला, बहुधा ५५ आणि ८५ अंश सेल्सिअसला, किमान ६,००० तास पेटत्या ठेवतात आणि प्रकाश किती घटतो याची नोंद ठेवतात. मग 'टीएम-२१' या गणिताने ती घट पुढे वाढवून पाहतात. नमुने २० किंवा अधिक असतील तर चाचणीच्या सहापटीपर्यंतच पुढचा अंदाज सांगायची मुभा आहे, म्हणजे ६,००० तासांच्या चाचणीवर फार तर ३६,००० तास. पद्धत शास्त्रीय आहे, तिला नावे ठेवायचे कारण नाही. प्रश्न एवढाच की ही परीक्षा सुट्या एलईडीची असते, संपूर्ण बल्बची नव्हे.

शिवाय इथे 'आयुष्य संपले' याचा अर्थ बल्ब बंद पडला असा नसतो. प्रकाश सुरुवातीच्या ७० टक्क्यांवर आला की आयुष्य संपले असे धरतात; तांत्रिक कागदपत्रांत त्याला 'एल७०' म्हणतात. त्यापुढे 'बी५०' असेल तर तोवर निम्मे नग ७० टक्क्यांच्याही खाली गेलेले चालतात. प्रकाश इतका हळूहळू उतरतो की डोळ्याला कळतही नाही. आपल्या घरात बल्ब असा सावकाश मंदावत जात नाही. तो एक दिवस फडफडतो, नाही तर एकदम बंद पडतो.

याला कारण बहुतेक वेळा ड्रायव्हर. एलईडीला थेट घरातली एसी वीज चालत नाही, तिला ठरावीक प्रमाणात डीसी करंट लागतो. तो पुरवणारे छोटे सर्किट बल्बच्या मानेत, होल्डरच्या टोपीलगत कोंबलेले असते. त्यातला सर्वांत नाजूक भाग म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, वीज साठवणारे बोटाच्या पेराहून लहान नळकांडे. त्याच्या अंगावर '१०५ अंश' असे लिहिलेले असते. स्वस्त प्रतीच्या कॅपॅसिटरला या तापमानाला २,००० तासांची हमी असते. तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते, हा या धंद्यातला सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजे ९५ अंशांना ४,००० तास, ८५ ला ८,००० आणि ७५ ला १६,०००. खोक्यावरचे २५,००० तास गाठायचे तर तो कॅपॅसिटर ७० अंशांच्याही खाली राहायला हवा. बंद काचेच्या फिटिंगमध्ये ते शक्य होत नाही. १०५ अंशांना १०,००० तासांची हमी असलेले कॅपॅसिटरही बाजारात मिळतात. ते वापरले तर हेच गणित ९० अंशांनाही सुटते. कुठला कॅपॅसिटर घातला आहे, हे उत्पादकाला पक्के ठाऊक असते. ग्राहकाला ते कळायला वाव नाही.

कॅपॅसिटर आतून वाळत जातो. त्याची धारणशक्ती घटते, अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे तो आणखी तापतो आणि आणखी लवकर वाळतो. बल्ब लावल्यावर दहा-पंधरा मिनिटे ठीक चालतो, तापला की लुकलुकू लागतो आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरळीत होतो, अशी लक्षणे असतील तर संशय या कॅपॅसिटरवर किंवा उष्णतेने सुटलेल्या एखाद्या सोल्डरच्या जोडावर घ्यावा. कसलीही पूर्वसूचना न देता एकदम बंद पडणाऱ्या बल्बची गोष्ट वेगळी. आतल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवरच्या एलईडी बहुधा एकाच ओळीत, सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. एक तुटली की सगळी माळ अंधारात. डिफ्यूझरची, म्हणजे उजेड पसरवणाऱ्या पांढऱ्या आवरणाची, टोपी काढली तर एखाद्या पिवळ्या ठिपक्यावर बारीक काळा डाग दिसतो, दोषी तोच. कमी एलईडी वापरून प्रत्येकीतून जास्त करंट ढकलला की पैसे वाचतात, पण डागही लवकर पडतो.

यावर 'काळा डाग पडलेली एलईडी शॉर्ट करा, बल्ब पुन्हा चालू' असे सांगणारे व्हिडिओ भरपूर फिरतात. ते करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. या बल्बांचे ड्रायव्हर बहुतेक वेळा मुख्य पुरवठ्यापासून विलग केलेले नसतात, त्यामुळे टोपी काढल्यावर समोर दिसणारा प्रत्येक जोड मेन्सच्या विजेचा असतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतला कॅपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारित होतो आणि बल्ब होल्डरमधून काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. शिवाय एक एलईडी वगळली की तिच्या वाट्याचा व्होल्टेज करंट सांभाळणाऱ्या आयसीवर (चिपवर) पडतो, तो जास्त तापतो आणि दुरुस्त बल्ब काही दिवसांतच पुन्हा बंद पडतो.

काही उत्पादकांनी वेगळा ड्रायव्हर काढूनच टाकला आहे. एलईडीच्याच चकतीवर एक-दोन आयसी बसवून काम भागवतात. या प्रकाराला धंद्यात 'डीओबी' ('ड्रायव्हर ऑन बोर्ड') म्हणतात. त्यात इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर नसला तर बिघडायला एक भाग कमी, हे खरे. पण मग ५० हर्ट्झच्या विजेवर प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते थेट दिसत नाही, तरी वाचताना काहींचे डोके दुखते आणि फिरत्या यंत्राचे पाते थांबल्यासारखे भासू शकते, ते तर धोक्याचेच. विद्युत अभियंत्यांच्या 'आयईईई' या संस्थेच्या 'आयईईई १७८९' या २०१५च्या शिफारशींनुसार १०० हर्ट्झला हा चढउतार ८ टक्क्यांच्या आत असावा. घरी ढोबळ तपासणी करायची तर मोबाइलचा कॅमेरा बल्बच्या उजेडातल्या पांढऱ्या भिंतीवर रोखा आणि शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवा. पडद्यावर सरकते काळे पट्टे ठळक दिसले तर चढउतार मोठा आहे.

आता खरेदीबद्दल. वॉट पाहून उजेड ठरवायची सवय तारेच्या बल्बांनी लावली. तिथे ती ठीक होती. एलईडीत आधी ल्युमेन, म्हणजे उजेडाचे माप, पाहावे आणि मग त्या ल्युमेनसाठी सर्वांत कमी वॉट घेणारा बल्ब निवडावा. हे मी केवळ विजेच्या बचतीसाठी सांगत नाही. ८०० ल्युमेन, म्हणजे जुन्या ६० वॉटच्या बल्बाएवढा उजेड, देताना प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा साधारण अडीच वॉट असते. बल्ब १० वॉटचा असेल तर उरलेल्या साडेसात वॉटची आतच उष्णता होते. तेच ८०० ल्युमेन ७ वॉटचा बल्ब देत असेल तर उष्णता साडेचार वॉट. विजेत ३० टक्के फरक, पण ड्रायव्हरला सोसाव्या लागणाऱ्या उष्णतेत ४० टक्के. त्यामुळे ल्युमेन भागिले वॉट हा आकडा शंभराच्या वर असलेला बल्ब घ्यावा. आयुष्याच्या छापील आकड्यापेक्षा हा भागाकार अधिक विश्वासाचा, कारण दोन्ही संख्या नवा बल्ब घेऊन तासाभरात मोजून खोट्या ठरवता येतात.

फिटिंगही तितकेच महत्त्वाचे. होल्डरमधली टोपी वर आणि गोळा खाली असा टांगलेला बल्ब असेल तर एलईडीची सगळी उष्णता वर चढते आणि ड्रायव्हर नेमका तिथेच बसलेला असतो. त्यावर बंद काचेचा घुमट असला तर गरम हवा बाहेरच पडत नाही. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत 'बंद फिटिंगमध्ये वापरू नये' असे छापलेले असते आणि तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. बंद फिटिंगसाठी त्यातल्या त्यात कमी वॉटचा बल्ब घ्यावा किंवा घुमटाला हवा खेळती राहील अशी फट असलेले फिटिंग निवडावे. डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावर, साधा बल्ब लावू नये. डिमरची कापलेली लहर ड्रायव्हरला सोसत नाही.

छतात बसवायच्या पॅनेल लाइटचे थोडे वेगळे आहे. तिथे ड्रायव्हर बाहेर, वेगळ्या डबीत असतो आणि दोन तारांच्या कनेक्टरने पॅनेलला जोडलेला असतो. पॅनेल बंद पडले की लोक अख्खे पॅनेल बदलतात, खरे तर पुष्कळदा नुसती डबी बदलून काम होते. डबीवर 'आउटपुट' म्हणून दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: करंट मिलिअँपिअरमध्ये आणि व्होल्टेजचा पट्टा, उदाहरणार्थ ३०० मिलिअँपिअर, २५ ते ४० व्होल्ट. नव्या डबीचा करंट तेवढाच हवा आणि व्होल्टेजच्या पट्ट्यात जुना पट्टा पूर्ण मावायला हवा. 'वॉट सारखे आहेत' एवढ्यावर डबी घेतली तर करंट जास्त निघून पॅनेल जळू शकते. जोडताना मुख्य वीज बंद करावी, आधी पॅनेल जोडावे आणि मगच बटण दाबावे. चालू ड्रायव्हर मोकळा असताना त्याचा व्होल्टेज वर चढलेला असतो आणि कनेक्टर खोचताक्षणी तो सगळा एलईडीवर आदळतो.

युरोपीय संघाने 'नियम २०१९/२०२०' मध्ये दोन चांगल्या तरतुदी केल्या आणि त्या १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाल्या. दिव्यातला प्रकाशस्रोत आणि ड्रायव्हर साध्या हत्यारांनी, काही न मोडता बदलता आला पाहिजे, ही एक. दुसरी टिकाऊपणाच्या चाचणीची: संपूर्ण बल्ब १५० मिनिटे चालू आणि ३० मिनिटे बंद, असे १,२०० वेळा. ही सुट्या एलईडीची नव्हे, तर ड्रायव्हरसकट बल्बची परीक्षा आहे. वारंवार तापणे आणि थंड होणे हेच सोल्डरचे जोड मोडते, त्यामुळे अखंड जळण्यापेक्षा ही कसोटी घरातल्या वापराच्या जवळची आहे. तरीही चालू स्थितीतले तास ३,०००च होतात. खोक्यावरचे उरलेले २२,००० तास पुन्हा अंदाजाचेच.

अमेरिकेतल्या माहितीपट्टीवर आयुष्य दिवसाला ३ तासांच्या वापराने वर्षांत सांगतात. त्या हिशेबाने २५,००० तासांची २२.८ वर्षे होतात. इतकी वर्षे छापणारा उत्पादक हमी मात्र मोजक्या वर्षांची देत असेल, तर आपल्या मालावर त्याचा खरा भरवसा किती आहे, हे हमीवरून समजावे.

म्हणून मागणी अशी आहे. एलईडीच्या आयुष्याशेजारी तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत ड्रायव्हरचे आयुष्य आणि ते कोणत्या सभोवतालच्या तापमानाला धरले आहे, हे छापावे. बंद फिटिंग आणि टोपी वर करून टांगणे चालते की नाही, हे खोक्याच्या दर्शनी बाजूस असावे. प्रकाशाचा चढउतार टक्क्यांत द्यावा. हमी वर्षांसोबत तासांतही सांगावी. यांतली कोणतीही माहिती नव्याने शोधायची नाही. ड्रायव्हरचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याच्या कागदावर ती आधीपासून असते. ती खोक्यावर आणायची एवढेच.

तोपर्यंत वाचकांनी एक करावे. बल्ब बसवताना मानेच्या प्लास्टिकवर मार्करने तारीख लिहावी आणि पावतीचा फोटो काढून ठेवावा, कारण थर्मल कागदावरची छपाई हमीच्या मुदतीआधीच उडून जाते. बल्ब गेला की तो बदलून मागावा आणि तक्रारीत तीन गोष्टी लिहाव्यात: रोजचा वापर किती तास, फिटिंग उघडे की बंद, आणि बल्ब आधी लुकलुकला की एकदम गेला. चूक कॅपॅसिटरची, एलईडीची की फिटिंगची, याचा अंदाज एवढ्यावर बांधता येतो, आणि अशा नेमक्या तक्रारीला 'व्होल्टेज वर-खाली झाले असेल' हे उत्तर पुरत नाही.

आपला,
एक विद्युत अभियंता