आट्यांचे माप पाकिटावर छापा

महोदय,

माझ्याकडे 1971 सालची अँबेसिडर आहे. वडिलांनी घेतलेली ही मार्क टू दर रविवारी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन येते आणि वर्षातून एकदोनदा लांबच्या प्रवासालाही निघते. गेल्या एप्रिलमध्ये ठाण्याहून परतताना कसारा घाट चढून इगतपुरीत चहाला थांबलो, तेव्हा बॉनेटमधून पेट्रोलचा वास आला. उघडून पाहिले, तर इंधनाच्या पंपाला येऊन मिळणाऱ्या नळीच्या जोडावर एक थेंब धरत होता, फुगत होता आणि तापलेल्या सायलेन्सरच्या नळीपासून जेमतेम वीतभर अंतरावर गळून पडत होता. पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही ठिणगीने पेट घेऊ शकते; येथे तर एप्रिलची दुपार होती. चहा तसाच ठेवून बॅटरीची तार काढली आणि गाडी टोचन करून नाशिकला आणली.

या जोडाचा नट महिनाभरापूर्वीच बदललेला होता. जुन्याचे कोपरे झिजून गोल झाले होते, म्हणून तो हातात घेऊन मी सुट्या भागांच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने ट्रेमधून दुसरा काढला, दोन्ही बोटांत शेजारी धरले, डोळे बारीक केले आणि ‘अँबेसिडर ना? मग हाच बसतो’ असे सांगून कागदात बांधून दिला. मेकॅनिकने तो हाताने तीन वेढे फिरवला, पुढे पान्याने आवळला आणि घट्ट बसला म्हणून सांगितले. घट्ट तो खरेच होता.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत लेथचे छोटे वर्कशॉप चालवणाऱ्या एका स्नेह्याने आटे, म्हणजे नटाच्या अंगावरचे वळसे, मोजायचे गेज लावून पाहिले, तेव्हा घोळ कळला. गाडी इंग्रजी वळणाची, म्हणजे आटे इंची असणार, हा दुकानदाराचा हिशेब पुस्तकाप्रमाणे बरोबर होता आणि त्याने दिलेला नटही एक अष्टमांश बीएसपी (नळाच्या आट्यांचे इंग्रजी माप), दर इंचाला 28 आट्यांचा होता. मात्र माझ्या गाडीवरचा पंप पूर्वी केव्हातरी कोणीतरी बदलला होता आणि त्याच्या तोंडाचे आटे एम 10 बाय 1, म्हणजे मेट्रिक होते. बीएसपीचा बाहेरचा व्यास 9.73 मिलिमीटर, मेट्रिकचा 10. दोन आट्यांमधले अंतर पहिल्यात 0.907 मिलिमीटर, दुसऱ्यात पुरते 1. हा फरक डोळ्याला दिसत नाही, हातालाही पहिले दोनतीन वेढे जाणवत नाही, पुढे मात्र तो आट्यागणिक साठत जातो आणि नट अडकतो. मेकॅनिकला पान्यावर जाणवला तो घट्टपणा या अडकण्याचा होता. नळीचे फुलवलेले तोंड पंपातल्या बैठकीवर, म्हणजे ते जेथे टेकायला हवे तेथे, दाबले गेलेच नव्हते. गळती थांबते ती तोंड आणि बैठक एकमेकांवर घट्ट बसल्यामुळे, आटे केवळ तो दाब देण्यापुरते असतात, ही गोष्ट मलाही वयाच्या साठीनंतर कळली, हे कबूल करतो.

हा एकट्या माझ्या गाडीचा प्रश्न असता, तर आपल्या स्तंभाची जागा मागितली नसती. नाशिकच्या घराघरांत जपून ठेवलेल्या जुन्या गाड्या साधारण तीन कुळांतल्या आहेत. अँबेसिडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे माप इंची. फियाट आणि तिचीच पुढची पद्मिनी इटलीची, तिचे माप मेट्रिक. महिंद्राची जीप अमेरिकी विलीजच्या वंशातली; तिचे मापही इंचीच, पण आट्यांची पद्धत निराळी. या तिन्हींचे नट, युनियन आणि निपल आपल्याकडे एकाच ट्रेमध्ये पडलेले असतात. एनपीटी या नळाच्या आट्यांच्या अमेरिकी मापात एक अष्टमांशाच्या जोडाला दर इंचाला 27 आटे आणि आट्याचा कोन 60 अंश, तर इंग्रजी बीएसपीमध्ये 28 आटे आणि कोन 55 अंश. एकाचा जोड दुसऱ्यात अर्धाअधिक शिरतो, म्हणूनच तो घातक. बरे, एक अष्टमांश म्हणजे एक सूत, म्हणून कोणी पट्टी लावायला जाईल, तर त्या नटावर कोठेही एक सूत सापडत नाही, कारण ते नाव जुन्या लोखंडी नळाच्या आतल्या पोकळीवरून पडलेले आहे! नळीचीही तीच कथा आहे. जुने मिस्त्री जिला अडीच सुती म्हणतात ती 7.94 मिलिमीटरची, बाजारात मिळते ती 8 मिलिमीटरची. हा फरक एरवी खपून जातो, पण ऑलिव्हची पितळी कडी घालून आवळायच्या जोडात तीच कडी कधी नळीवर चढत नाही, तर कधी सैल राहते.

जीपवाल्यांसाठी एक उपयोगाची गोष्ट येथेच नोंदवतो. त्यांच्या नळीचे तोंड 45 अंशांत फुलवलेले असते आणि फ्रिज-एसी दुरुस्तीच्या सामानात मिळणारे पितळी फ्लेअर नटही (फुलवलेल्या तोंडाच्या नळीचे नट) याच कोनाचे असतात, त्यामुळे आटे तपासून घेतल्यास त्या दुकानात काम होऊ शकते. उलट हायड्रॉलिकच्या सामानातले चकचकीत नट काही मापांत तंतोतंत त्याच आट्यांचे असतात, अगदी अलगद फिरतात, पण त्यांची बैठक 37 अंशांची असल्याने तोंड केवळ एका रेघेवर टेकते आणि पाझरत राहते.

असा जोड पाझरू लागला की आपल्याकडे नळकामाची पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतात. फ्लेअरच्या जोडात ती निरुपयोगी तर असतेच, शिवाय तिचे तुसासारखे धागे कार्ब्युरेटरच्या सुई-व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात. दुसरा उपाय म्हणजे धातूची नळी कापून मध्ये रबरी नळीचा तुकडा घालणे आणि क्लिप आवळणे. नळीच्या टोकाला उभार नसेल, तर तो तुकडा इंजिनाच्या हादऱ्याने सरकतो. त्यातच आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या प्रकारचे रबर त्याने फुगते, मऊ पडते आणि मग चिरते. म्हणून इथेनॉल सोसणारी, अंगावर ‘एसएई जे30 आर9’ असे छापलेली नळीच मागून घ्यावी. त्या छापील अक्षरांमुळेच नळी निदान ओळखता तरी येते. नटावर काहीच लिहिलेले नसते.

माझी मागणी तेवढ्यापुरतीच आहे. माझी 30 वर्षे सातपूरच्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये गेली. तेथे आट्यांचे माप लिहिलेले नसेल, तर बोल्टची पेटी आम्ही दारातूनच परत करीत होतो. किरकोळ बाजारात गिऱ्हाइकाने ‘बसतो’ या एका शब्दावर माल का घ्यावा? वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 प्रमाणे वस्तूचा आकार महत्त्वाचा असेल तेथे तो पाकिटावर देणे बंधनकारक आहे आणि इंधन नळीच्या नटाइतका हा नियम चपखल लागू पडणारी दुसरी वस्तू मला सुचत नाही. तरीही माझ्या हाती आजवर आलेल्या पाकिटांवर गाडीचे नाव आणि किंमत यांपलीकडे काही नव्हते. आटे, नळीचा व्यास आणि बैठकीचा कोन, एवढ्या तीन गोष्टी एका ओळीत मावतात. सुटा माल विकणाऱ्या दुकानदारांनी 55 अंशांचे एक आणि 60 अंशांचे एक अशी दोन गेज गल्ल्याशेजारी टांगून ठेवावीत; काही शे रुपयांत ती येतात आणि वर्षानुवर्षे टिकतात.

वैध मापन विभागाच्या नाशिक कार्यालयाने या पाकिटांकडे एकदा लक्ष द्यावे आणि ‘निमा’ व ‘आयमा’ या उद्योजक संघटनांनी असे सुटे जोड बनवून देऊ शकणाऱ्या लहान वर्कशॉपची यादी प्रसिद्ध करावी, अशी विनंती आहे. डिझेल इंजेक्टरचे नोझल ज्या गावात बनते आणि ज्याच्या एका चौकाला ते बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या नावावरून मायको सर्कल म्हणतात, तेथे दहा मिलिमीटरचा पितळी नट मापात मिळू नये, याचे मला नवल वाटते. ज्यांना शक्य आहे त्यांनी तोवर नटासाठी दुकानात जाताना नट एकटा न नेता तो जेथे बसतो तो भागही न्यावा.

माझा नट अखेर अंबडच्या त्या लेथवरच पितळी सळईतून कातून घेतला. पंपाच्या तोंडाचे पहिले तीन आटे खरवडले गेले होते, आतले शाबूत होते, म्हणून तो थोडा लांब ठेवावा लागला. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या जोडांची मापे आता मोजून, एका पत्र्याच्या पट्टीवर कोरून बॉनेटच्या आतल्या बाजूला लावली आहेत.

एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक