ब्रेकच्या होजला टेफ्लॉन टेप लावायला सांगणाऱ्या कंपनीस

फोंडा, गोवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : ट्रायम्फ टीआर६ (१९७२ची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) साठी पाठवलेलं पुढच्या डिस्क ब्रेकचं किट, रु. ६८,५००. होजचे आटे चुकीचे, डिस्क आउट (फिरताना डगमगते).

बिल, फोटो आणि मापं तीनदा मेल केली आहेत, चौथ्यांदा करणार नाही. शनिवारी हेल्पलाइनवर बावीस मिनिटं गेली आणि फोन ठेवताच ‘तुमची तक्रार निकाली निघाली आहे’ असा मेसेज आला. म्हणून हे पत्र हेल्पलाइनला नाही, तुम्हाला.

टीआर६वर आधी गिरलिंगचे १६पी कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) होते, इंची आट्यांचे. नंतर १६पीबी आले, मेट्रिक. चासीवरच्या ब्रेक पाइपचा नट मात्र इंचीच राहिला : ३/८ यूएनएफ (बारीक इंची आटे), इंचाला २४ आटे. किट बनवणाऱ्याला हे ठाऊक असणारच असं मी धरून चालतो. तुमच्या ब्रेडेड होजचं चासीकडचं टोक एम१० बाय १ निघालं, म्हणजे १० मि.मी. व्यास आणि दोन आट्यांमधलं अंतर (पिच) १ मि.मी. पिच गेज लावून, दोन्ही होजवर.

३/८ चा नट व्यासाला ९.५ मि.मी. आणि त्याचा पिच १.०५८. तो १० मि.मी.च्या भोकात हाताने दोन-तीन आटे सहज जातो, म्हणून तर हे धोक्याचं. सहा आट्यांत पिचचा फरक ०.३५ मि.मी. होतो, पकड फक्त आट्यांच्या शेंड्यांवर राहते. पान्याने आवळताना आटे गेले तर नशीब. नाही गेले तर ते चोर्ला घाट उतरताना, पाय जोरात पडेल तेव्हा जातील.

आता तुमच्या ‘सीनियर टेक्निकल’ साहेबांशी झालेलं संभाषण. ते रेकॉर्ड होत असल्याचं तुम्हीच सांगता, तेव्हा ऐका. त्यांनी आधी विचारलं, “एबीएसचा लाइट लागलाय का?” १९७२च्या गाडीत. मग “अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवा” म्हणून पत्ता दिला, तो ट्रायम्फ नावाच्याच मोटरसायकलींच्या शोरूमचा. मी आट्यांचा फरक सांगितला. ते म्हणाले, “सर, दोन्ही दहा एमएमच असतात.” मी म्हटलं, एक साडेनऊ आहे. उत्तर आलं, “अर्ध्या एमएमने काय होतंय? टेफ्लॉन टेप लावा, लीक होणार नाही.” मी विचारलं, ब्रेकला? “हो सर, आमचे सगळे कस्टमर लावतात.” वर पुस्ती : “तुमच्या मेकॅनिकला माहीत असेल, त्याला फोन द्या.” गेज मीच लावला होता. फोन कोणाला द्यायचा?

ब्रेकच्या जोडाचं सील आट्यांवर नसतंच. पाइपचं फुलवलेलं टोक होजच्या आतल्या बैठकीवर दाबलं जातं आणि तिथे ऑइल अडतं. आट्यांचं काम फक्त ते दाबून धरण्याचं. टेपमुळे आट्यांना पकड येत नाही. उलट तिचा तुकडा सुटून लाइनमध्ये गेला तर एका चाकाचा ब्रेक लागणार नाही किंवा लागलेला सुटणार नाही. टेफ्लॉन टेप नळाला लावतात. तुम्ही नळ विकत असाल तर तसं बॉक्सवर छापा.

डिस्क. हब घासून साफ केला, बेअरिंगचं प्ले काढलं, डायल गेज लावला. तुमची डावी डिस्क ०.२४ मि.मी. आउट, उजवी ०.१७. जागा फिरवून पाहिली, फरक नाही. जुनी डिस्क त्याच डाव्या हबवर ०.०५ दाखवते, म्हणजे हब निर्दोष. ०.१० च्या वर पॅड मागे ढकलले जातात, पेडल पहिल्या दाबात खोल जातं, आणि काही दिवसांनी डिस्कची जाडी जागोजागी बदलून स्टिअरिंग थरथरू लागतं. “चालवून चालवून सेट होते” असं उत्तर मिळालं. डिस्क म्हणजे नवी चप्पल नव्हे.

पत्रकात ‘पेडल अधिक घट्ट’ असंही लिहिलंय. जुन्या कॅलिपरला बाजूला एक ५४ मि.मी.चा पिस्टन, तुमच्याला ४२चे दोन. क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढलं. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) तोच ठेवला तर पेडल जास्त खाली जाणार, आणि पुढची चाकं आधी लॉक होणार, तीही आमच्या जुलैतल्या रस्त्यांवर. याबद्दल एक ओळ नाही. ‘डॉट ५ सर्वांत नवीन, म्हणून तेच भरा’ हे मात्र ठळक अक्षरांत. डॉट ५ हे ब्रेक ऑइल सिलिकॉनचं असतं, ते नेहमीच्या डॉट ४ मध्ये मिसळत नाही. त्यात पाणीही विरघळत नाही, ते खाली कॅलिपरमध्ये साचून पिस्टनला गंज चढवतं. गोव्याच्या हवेत पाणी कुठून येईल हे विचारू नका.

मला हवं ते असं. चासीकडे ३/८ यूएनएफ मादी आटे असलेले दोन होज; कॅलिपरकडचं एम१० टोक तांब्याच्या वॉशरसह ठीक आहे. ०.०५ च्या आतल्या दोन डिस्क, मापांच्या कागदासकट. आणि ज्यांना ज्यांना हे होज गेले त्या सर्वांना लेखी सूचना. टेप लावून फिरणारे ‘सगळे कस्टमर’ खरेच असतील तर त्यांना आज फोन करा. टेप! अजून खरं वाटत नाही.

पंधरा दिवसांत न झाल्यास तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाईल. २०१९च्या कायद्याने ती राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि सदोष मालाची जबाबदारी बनवणाऱ्यावरही येते. तुमचं नाव पाहून किट घेतलं होतं, एवढंच वाईट वाटतं.

एक त्रस्त ग्राहक

ता. क. : होज गाडीवर आवळलेले नाहीत, फक्त गेज लावून पाहिलेत, आणि डिस्कवर पॅड टेकलेला नाही. तेव्हा ‘वापरलेला माल परत घेतला जात नाही’ हे वाक्य पाठवण्याची तसदी घेऊ नये.