दंडासाठी खाते उणे करता येत नाही

महोदय,
मराठवाड्यात अतिवृष्टीचे अनुदान खात्यावर पडते आणि शेतकऱ्याच्या हाती येण्याआधीच किमान शिल्लक नसल्याचा, आधीच खाते उणे करून लावलेला दंड त्यातून कापला जातो. सोयाबीन पाण्यात गेलेल्या माणसाच्या तोंडचा हा घास आहे. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकात घातलेल्या नियमानुसार केवळ या दंडापोटी बचत खाते शून्याखाली नेता येत नाही. आधी महिनाभराची सूचना द्यावी लागते, आणि दंड तुटीच्या प्रमाणातच हवा. कर्जाचा हप्ता परत गेल्याचा दंड मात्र वेगळा, त्याला हा नियम नाही. दोन्ही दंड बँकेकडे एकाच अर्जात परत मागितले की अर्ज अडतो. म्हणून पासबुक भरून घ्या, प्रत्येक कपातीसमोरचा शेरा वाचा आणि फक्त किमान शिल्लकेच्या नोंदी तारीख-रकमेसह अर्जात लिहा. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्याच. पोच नसेल तर पुढे काही सिद्ध होत नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) तक्रार मोफत करता येते, चौकशीसाठी फोन १४४४८. शिवाय मूलभूत बचत खाते मागा, त्याला किमान शिल्लकेची अटच नसते.

– एक वाचक, परभणी