१४६० पाठवायचे की नाही

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

ऑगस्टच्या एसएटीचा (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशपरीक्षेचा, १६०० पैकी) निकाल पाहिला. गणितात ७७०, रीडिंग-रायटिंगमध्ये ६९०, एकूण १४६०. ‘कॉलेज टेस्ट-ऑप्शनल आहे (म्हणजे स्कोअर देणं ऐच्छिक), मग स्कोअर देऊ की नको?’ असं तू विचारलंस. सगळ्या यादीला पुरेल असं एकच उत्तर याला नाही. बीएस-एमडीच्या (शाळेनंतर पदवी आणि डॉक्टरकी दोन्हींसाठी एकदमच प्रवेश देणाऱ्या) प्रत्येक कार्यक्रमासाठी ते वेगळं काढावं लागेल, आणि त्यासाठी एक शनिवार लागेल.

आधी ‘ऑप्शनल’ हा शब्द कुणी वापरलाय ते बघ. तुझा अर्ज दोन दारांतून जाणार आहे, एक विद्यापीठाचं आणि दुसरं मेडिकल स्कूलचं. विद्यापीठाच्या प्रवेशाच्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘टेस्ट-ऑप्शनल’ लिहिलेलं असतं. त्याच विद्यापीठाच्या सात किंवा आठ वर्षांच्या मेडिकल कार्यक्रमाच्या पानावर खाली कुठेतरी किमान एसएटी दिलेला असू शकतो. मुलं पहिलं पान वाचून थांबतात. अर्ज विद्यापीठाकडून मंजूर होतो, पण मेडिकल स्कूलच्या चाळणीपर्यंत पोचतच नाही. म्हणून कार्यक्रमाचं स्वतःचं पान वाच. तिथे स्पष्ट नसेल तर प्रवेश कार्यालयाला ईमेल कर आणि प्रश्न नेमका विचार: ‘स्कोअर न देता केलेला अर्ज या कार्यक्रमासाठी मेडिकल स्कूलकडे पाठवला जातो का?’ ‘तुमच्याकडे स्कोअर लागतो का?’ असं मोघम विचारलंस तर उत्तर विद्यापीठापुरतंच येईल.

तुझ्या यादीतल्या काही ठिकाणी निवड करायची वेळच येत नाही. ब्राउन विद्यापीठाने २०२५ च्या प्रवेशापासून एसएटी किंवा एसीटी (तशीच दुसरी प्रवेशपरीक्षा) पुन्हा सक्तीचं केलं. त्यामुळे तिथल्या आठ वर्षांच्या पीएलएमई कार्यक्रमासाठी अर्ज करणार असशील तर १४६० जाणारच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॅम्पसवर याच्या उलट आहे. ते टेस्ट-ब्लाइंड आहेत, १६०० असले तरी प्रवेश देताना पाहत नाहीत. ज्या कार्यक्रमाची लेखी अट १५०० आहे, तिथे १४६० वर अर्ज करण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरमध्ये तू पुन्हा एसएटी देशील, त्यानंतरच ते नाव पुन्हा काढ.

खरा विचार उरलेल्या नावांचा करायचाय. प्रत्येक विद्यापीठाचा ‘कॉमन डेटा सेट’ (प्रवेशाची जाहीर आकडेवारी) शोध, त्यात सी ७ आणि सी ९ हे दोन भाग पाहा. सी ७ मध्ये परीक्षेच्या गुणांना किती महत्त्व आहे ते विद्यापीठ स्वतः सांगतं: अतिमहत्त्वाचे, महत्त्वाचे, विचारात घेतले जातात, किंवा घेतले जात नाहीत. सी ९ मध्ये किती टक्के विद्यार्थ्यांनी स्कोअर दिला आणि त्यांचा २५ वा, ५० वा आणि ७५ वा पर्सेंटाइल (७५ वा म्हणजे शंभरातले ७५ जण ज्याच्या खाली असतात तो स्कोअर) किती, हे असतं.

हे आकडे वाचताना दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे, ते फक्त स्कोअर देऊन दाखल झालेल्यांचे असतात. कमी गुणवाल्यांनी स्कोअर दिलाच नाही, म्हणून आकडा फुगतो. २५ व्या पर्सेंटाइलच्या थोडं खाली असलो की आपण कामातून गेलो, असं समजायचं कारण नाही. दुसरी चूक जास्त महाग पडते. ते आकडे इतिहासापासून इंजिनिअरिंगपर्यंत सगळ्या विद्यार्थ्यांचे असतात, आणि तू ज्या मूठभर जागांसाठी उभा आहेस त्यांची स्पर्धा निराळीच असते. कार्यक्रमाने मागच्या तुकडीची सरासरी दिली असेल तर फक्त तिच्याशी ताडून बघ. दिली नसेल तर विद्यापीठाचा ७५ वा पर्सेंटाइल हीच आपली मोजपट्टी, असं आमचं मत. समज, एका विद्यापीठाचा ७५ वा १४४० आहे, तर बेधडक दे. ७५ वा १५४० आणि २५ वा १४५० असेल, तर साध्या प्रवेशाला १४६० चालून जाईल, पण बीएस-एमडीच्या रांगेत ते तुला मागे खेचतील. तिथे देऊ नकोस.

या दोन्हींच्या मधल्या ठिकाणी विभागवार गुण पाहा. तुझं गणित भक्कम आहे, भाषेचे ६९० कच्चे वाटतात. जिथे सुपरस्कोअर (वेगवेगळ्या वेळच्या परीक्षांतले प्रत्येक विभागाचे सर्वोत्तम गुण एकत्र) धरतात, तिथे ऑक्टोबरमध्ये भाषा ७४० झाली तरी एकूण १५१० होतात, गणित घसरलं तरीही. तेव्हा तयारी फक्त भाषेची कर: प्रत्येकी ३२ मिनिटांचे, २७ प्रश्नांचे दोन मॉड्यूल. पहिल्या मॉड्यूलवरून दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून सुरुवातीला घाई करून सोपे प्रश्न घालवलेस तर वरचे गुण हाती लागत नाहीत.

डार्टमथने २०२४ मध्ये परीक्षा परत आणली, तेव्हा त्यांच्या अभ्यासात दिसलं होतं की साधनं कमी असलेल्या शाळांतल्या काही मुलांनी, ज्या स्कोअरने त्यांचा फायदा झाला असता तेच लपवले. स्कोअर शाळेच्या संदर्भात वाचला जातो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. हाच संदर्भ तुझ्या बाबतीत उलटा पडतो. एडिसनच्या तुझ्या शाळेत १५०० च्या वरची मुलं बरीच आहेत, आणि शाळेचा अहवाल अर्जासोबत जातो. म्हणूनच मोजपट्टी कडक धरतोय.

आता कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा सामायिक ऑनलाइन अर्ज. ‘टेस्टिंग’ विभागात एकदा भरलेला स्कोअर पुढच्या अर्जांतही जाऊ शकतो. कॉलेजच्या स्वतंत्र प्रश्नांत ‘स्कोअर विचारात घ्यावा का?’ असं बरेचदा विचारतात, पण सगळीकडे नाही. म्हणून प्रत्येक अर्ज पाठवण्याआधी तो विभाग उघडून पाहा, जिथे द्यायचा नाही तिथे काढ, पुढच्याला पुन्हा घाल. सबमिट करण्याआधी पीडीएफ प्रीव्ह्यू वाचल्याशिवाय बटण दाबू नकोस. काउन्सेलर बाईंना विचार, शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर एसएटी छापतात का. छापत असतील तर ते काढून घ्यायला सांग, नाहीतर तू लपवलेला आकडा शाळाच पाठवेल. स्वतः भरलेला आकडा पुढे अधिकृत अहवालाशी जुळवून पाहतात, तेव्हा दहा गुणांचीही चूक नको.

स्कोअर नसलेल्या अर्जात शास्त्राची बाजू दुसऱ्या कशानेतरी दिसली पाहिजे. एपी (शाळेतल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षा) बायोलॉजी आणि केमिस्ट्रीचे पाचपैकी ५ तिथे नक्की लिही. स्कॉलरशिपचे नियमही वेगळे पाहा, काही ठिकाणी प्रवेशाला स्कोअर नको असतो पण पैशाला लागतो.

एसीटी द्यायचा विचार असेल तर १४६० म्हणजे साधारण ३३ धर. २०२५ पासून तिथला सायन्स विभाग ऐच्छिक झालाय, तू मात्र तो घे.

ऑक्टोबरनंतर तिसऱ्यांदा बसायचं नाही. बीएस-एमडीच्या बऱ्याच मुदती नोव्हेंबरमध्ये येतात आणि ‘डॉक्टरच का’ या निबंधाला तीन-चार खर्डे लागतात. तो वेळ ४० गुणांसाठी घालवू नये, असं आम्हा दोघांना वाटतं. आणि एक लक्षात असू दे: पुढे एमसीएटी (मेडिकल स्कूलची प्रवेशपरीक्षा) द्यावी लागली तर तिथे निवड नाही. त्या दिवशी केंद्रातच ‘व्हॉइड’ (रद्द) केली नाहीस, तर तो स्कोअर अर्जासोबत आपोआप जातो.

शनिवारी तक्ता कर: कार्यक्रमाची अट, सी ७, ७५ वा पर्सेंटाइल, मुदत, देणार की नाही. जिथे अडशील तिथे रकाना रिकामा ठेव, रविवारी जेवणानंतर तिघं मिळून भरू.

तुझे,
आई-बाबा