भुताने नियम पाळले पाहिजेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भयपटांना पुन्हा बरे दिवस आल्याचे आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचले. तिकीटबारीचा हिशेब पाहिला तर ते बरोबरच आहे. २०२४ च्या जूनमध्ये आलेल्या ‘मुंज्या’ने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला, ऑगस्टमधल्या ‘स्त्री २’ने त्याच्या कितीतरी पट गल्ला जमवला आणि २०१८ साली पहिल्या खेपेला बेताचाच चाललेला ‘तुंबाड’ सप्टेंबरमध्ये पुन्हा पडद्यावर आला, तो पहिल्यापेक्षा जास्त चालला. पण गेली चाळीस वर्षे मिळेल तो भयपट आवडीने पाहत आलेल्या माझ्यासारख्याचा प्रश्न वेगळा आहे. चित्रपट संपल्यावर घरी परतताना, रात्री मागच्या दारची कडी लावताना, आपल्या पाठीशी कोणी उभे आहे की काय असे वाटते का? मला अलीकडे ते फार क्वचित वाटते आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, म्हणून हे पत्र.

निमित्त घडले ते मागच्या महिन्यात पाहिलेल्या एका चित्रपटाचे. त्याचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्या एकट्याविरुद्ध नाही. कथा कोकणातली, भूत म्हणजे देवचार, असे कळल्यामुळे मी वेंगुर्ल्याहून मुद्दाम एस.टी.ने जाऊन तो पाहिला. पहिल्या दहा मिनिटांतच मन खट्टू झाले. जांभ्या चिऱ्याच्या, कौलारू म्हणून दाखवलेल्या घरात आत शिरल्यावर संगमरवरी जिना आणि छताला काचेचे झुंबर होते. पात्रे ज्या भाषेत बोलत होती ती ना मालवणी होती, ना घाटावरची. एवढेही मी चालवून घेतले असते. पण पडद्यावरचा देवचार घरात घुसून पाळण्यातले मूल उचलतो, आरशातून हात बाहेर काढतो, शहरात राहणाऱ्या बहिणीच्या मोबाईलवर बोलतो, दिवसाढवळ्या चालती मोटार उलथवतो, आणि शेवटी एका ताईताने त्याची राख होते. असे का, याचे उत्तर चित्रपटात कुठेही नाही. हे सगळे पाहताना शेजारच्या रांगेतली मुले दर चार मिनिटांनी वाजणाऱ्या आवाजाला दचकत होती आणि लगेच हसत होती. त्यांच्यापैकी एकही भ्यालेला मला दिसला नाही.

देवचार म्हणजे काय हे आमच्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक असते. तो गावाच्या शिवेचा राखणदार. हातात काठी, खांद्यावर कांबळे अशा वेषात तो रात्री आपल्या हद्दीत फेरी मारतो आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, अशी श्रद्धा आहे. त्याचा मान राखला नाही तर तोच माणसाला रात्रभर एकाच जागी घुमवत ठेवतो. त्याची हद्द ठरलेली, वेळ ठरलेली, मान ठरलेला. आरवलीच्या वेतोबा या ग्रामदैवताला आजही लोक चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात असे मानले जाते. ज्याच्या वहाणा झिजतात तो खरोखर चालतो. मंदिरात ठेवलेल्या त्या वहाणांचे तळवे पाहिले की अंगावर जो काटा येतो, तो संगणकावर तयार केलेल्या कुठल्याही चेहऱ्याने माझ्या अंगावर आजवर आलेला नाही.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना थोरल्या काकांबरोबर शेजारच्या गावच्या जत्रेतला दशावतार पाहून पहाटेच्या आधी परत येत होतो. पुढे सडा, म्हणजे कातळाचे उघडे माळरान, हातात एकच बॅटरी, आणि काका वाटभर नाटकातल्या राजाची भाषणे म्हणून दाखवत होते. एका आंब्याजवळ ते एकाएकी थांबले, बॅटरी खाली केली आणि हळू आवाजात म्हणाले, “हयसर बोलाचा नाय. शीम इली.” म्हणजे इथे बोलायचे नाही, गावाची शीव आली. मग त्यांनी वाटेकडेच्या धोंड्यापाशी वाकून हात जोडले, खिशातली एक विडी तिथे ठेवली, आणि पुढची पन्नास-साठ पावले आम्ही दोघे काही न बोलता चाललो. काही दिसले नाही, काही ऐकूही आले नाही. सुकी झावळ वाऱ्याने कुंपणावर घासत होती, तेवढाच आवाज. पण ती पावले मी आजही मोजून सांगू शकेन, कारण त्या रात्री मला एवढे कळले होते की इथे कोणाचा तरी नियम चालतो आणि तो आमच्याकडून मोडला गेला तर काय होईल ते काकांनाही सांगता येणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. जे भूत नियमाने बांधलेले असते त्याचीच भीती वाटते. ज्याला काहीही करता येते त्याची वाटत नाही, कारण मग प्रेक्षकाने मनाशी धरून बसावे असे काही उरतच नाही. मुंजाला पिंपळ आहे, गिऱ्ह्याला पाणी आहे, चकव्याला अंधारातली वाट आहे. तिन्हीसांजेला नदीच्या डोहाकडे जाऊ नये असे एकदा ऐकले की कोणी नुसती कळशी उचलली तरी ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ही आमच्या आज्यांची गोष्ट सांगण्याची रीत होती आणि चांगल्या भयपटांचीही तीच रीत आहे, मग ते कुठल्याही देशातले असोत.

१९८९ पासून पुढे चौदा वर्षे माझे वेंगुर्ल्यात व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचे दुकान होते. पावसाळ्यात आमच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरत असे, म्हणून भाड्याने जाऊन आलेली प्रत्येक कॅसेट मी पुसून, यंत्रावर चालवून पाहत असे. लोक जी जागा पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहतात तिथे फीत झिजते आणि पडद्यावर रेषा येतात, त्यामुळे गिऱ्हाइकाने काय पाहिले हे मला न विचारता कळे. भुताच्या कॅसेटवर या रेषा भूत समोर येते तिथे असतील असे सुरुवातीला मला वाटले होते. तशा त्या क्वचितच असत. त्या असत थोड्या आधी, दाराची कडी हलते तिथे, विहिरीत पोहरा जातो तिथे. रामसे बंधूंच्या १९८४ च्या ‘पुराना मंदिर’ची माझ्याकडची प्रत अशीच झिजली होती. त्या चित्रपटाला जाणकारांनी कितीही नावे ठेवली, त्याचे मुखवटे कितीही कच्चे असले, तरी त्याने एक गोष्ट चोख केली होती. त्यातल्या सामरी या सैतानाचे शिर धडावेगळे करून पेटीत बंद केलेले आहे आणि जोवर ते वेगळे आहे तोवर तो उठणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकले होते. पुढे दोन तास प्रेक्षकाचे लक्ष त्या पेटीवर. कोणी तिच्या जवळून नुसते गेले तरी माणसे पडद्याकडे पाहून ओरडत असत.

जपानच्या १९९८ च्या ‘रिंगू’मध्ये ती शापित चित्रफीत पाहिली की सात दिवसांनी मरण, एवढा एकच नियम आहे. त्या सात दिवसांतला प्रत्येक दिवस भीतीचा होतो, जरी त्यातले बरेचसे दिवस कोणाला काही होत नाही. स्वतः कॅसेटचा धंदा करणाऱ्या माणसाने तो चित्रपट पाहून महिनाभर नाव नसलेली कॅसेट यंत्रात घालायचे टाळले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

‘तुंबाड’विषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नाव आमच्या कोकणातल्या, खेड तालुक्यातल्या गावाचे आहे आणि नियम पाळल्याने काय साधते याचा त्याच्याइतका चांगला दाखला मला दुसरा माहीत नाही. त्यातला हस्तर हा शापित देव भुकेला आहे, त्याला सोने मिळाले पण अन्न मिळाले नाही. म्हणून कणकेची बाहुली दाखवून त्याला भुलवायचे, पिठाच्या रिंगणात उभे राहायचे, आणि तो बाहुली खाण्यात गुंतला असताना त्याच्या कमरेच्या लंगोटातल्या मोहरा ओढायच्या. एका खेपेला एकच बाहुली. हे सारे आपल्याला नीट समजावून दिले जाते, दोरावरून खाली उतरण्याचा सराव मुलाकडून करून घेतलेला दाखवला जातो, आणि मग शेवटी बाप-लेक हावरेपणाने एकदम पुष्कळ बाहुल्या घेऊन उतरतात तेव्हा जे घडते ते बाहेरून आणलेले संकट नसते. प्रत्येक बाहुलीमागे एक हस्तर. नियम तोच होता, माणसांनी त्याचा हिशेब केला नव्हता. मी तो चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाल्यावर दुसऱ्यांदा पाहिला. शेवट माहीत होता आणि तरीही त्या बाहुल्या मळताना पाहून माझे हातपाय गार पडले.

‘मुंज्या’वर मी तितका समाधानी नाही. सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, पिंपळाखालची जागा, अपुरी राहिलेली लग्नाची इच्छा, हे मुळातले धरून ठेवल्याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. परंतु भूत इतके बोलके आणि इतका वेळ डोळ्यांसमोर ठेवले की प्रेक्षक त्याला ओळखू लागतो, आणि ओळखीच्याची भीती वाटत नाही. तो हसवण्यासाठी काढलेला चित्रपट होता आणि त्यात तो यशस्वी झाला. माझी अडचण अशी की त्याच्या यशानंतर आता भूत म्हणजे विनोद हेच समीकरण निर्मात्यांना सोयीचे वाटू लागले आहे.

आवाजाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. एकदम मोठा आवाज करून दचकवणे ही युक्ती नवी नाही. १९४२ साली अमेरिकेत ‘कॅट पीपल’ नावाचा चित्रपट निघाला. त्यात एक बाई रात्री रस्त्याने एकटी चालली आहे, मागून दुसऱ्या पावलांचा आवाज येतो आहे, मग तो आवाज बंद होतो. बाई थांबते, वळून पाहते, पुन्हा चालू लागते, पावले उचलते. हे बराच वेळ चालते आणि मग एखाद्या श्वापदाने फिस्कारावे तसा आवाज करत चौकटीत शिरते ती एक साधी बस. तो धक्का बसतो, कारण त्याआधीच्या शांततेत आपण त्या बाईबरोबर चाललेले असतो. आजचे दिग्दर्शक ती बस घेतात आणि ते चालणे टाकून देतात. दर चार मिनिटांनी एक बस. दचकणे आणि भिणे यांत आपल्या भाषेने फरक केला आहे तो उगीच नाही. दचकलेला माणूस क्षणात सावरतो, भ्यालेला माणूस दिवा न मालवता झोपतो.

आणखी एक गोष्ट खुपते, ती शेवटाची. दोन तास भूत दाखवायचे आणि मग नायिकेला मानसिक आजार होता असे सांगून मोकळे व्हायचे, ही प्रेक्षकाची फसवणूक आहे आणि आजारी माणसांवरही अन्याय आहे. भुतामागे माणसाचा गुन्हा दाखवायचा तर तो कसा दाखवावा याचे उत्तम उदाहरण मराठीतच आहे. २०१७ च्या ‘लपाछपी’त उसाच्या फडात खेळणारी मुले आणि घरातल्या बायकांचा इतिहास यांचा सांधा असा जुळतो की स्त्रीभ्रूणहत्या हा शब्द उच्चारला जाण्याआधीच आपल्याला तो ऐकू येतो. त्यावरून २०२१ साली हिंदीत ‘छोरी’ काढावासा वाटला यात नवल नाही. फडातली ती चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, आणि कुठल्या बाजूने आवाज आला हे न कळणे, एवढ्यावर त्या दिग्दर्शकाने अर्धी लढाई जिंकली.

सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, अशी ओरड झाली होती. मी त्या ओरडीत सामील नव्हतो आणि आजही नाही. आमच्या भुतांवर चित्रपट निघावेत असेच मला वाटते. भगत आणि देवऋषी यांच्या नादी लागून माणसे दवाखान्यात उशिरा पोचतात हे मी पाहिले आहे आणि त्याचे समर्थन कोणी करू नये. पण गोष्ट सांगणे वेगळे. उलट ज्याला देवचाराची हद्द माहीत नाही त्याने त्याला मुले पळवणारा राक्षस करून ठेवावे, याने आमच्या लोककथांचे जास्त नुकसान होते, कारण माझा नातू आता देवचार म्हटले की त्या चित्रपटातला लाल डोळ्यांचा प्राणी डोळ्यांपुढे आणतो. त्याला घेऊन मी परवा संध्याकाळी त्या शिवेवरच्या धोंड्यापाशी गेलो होतो. रस्ता रुंद झाला आहे, आंबा तोडला आहे, पण धोंडा आहे आणि त्याच्यापुढे कोणीतरी ठेवलेली ताजी विडीही होती. नातवाने विचारले, ही कोणी ठेवली? मी म्हटले, माहीत नाही. परतताना तो बराच वेळ माझा हात धरून होता आणि बोलत नव्हता.

आपल्या दैनिकात दर शुक्रवारी चित्रपटांची परीक्षणे येतात. भयपटाच्या परीक्षणात अभिनय, छायाचित्रण, पार्श्वसंगीत यांबरोबर एवढी माहितीही द्यावी अशी माझी विनंती आहे की, या चित्रपटातले भूत कशाला बांधलेले आहे, आणि चित्रपट शेवटपर्यंत ते पाळतो की नाही. पाळत नसेल तर मी माझे एस.टी.चे भाडे वाचवीन. पाळत असेल तर कितीही लांब जावे लागले तरी पहिल्याच दिवशी जाईन, आणि नातवालाही नेईन.

आपला नम्र,
एक जुना वाचक
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग