तपासणीला जाण्यापूर्वी

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू कामावर हजर झाल्याचे कळले. तुझ्या नेमणुकीच्या आदेशाची झेरॉक्स मी शेजारच्या काकांना दाखवली आणि त्यांनी ती वाचून परत दिल्यावर पुन्हा त्यांच्यापुढे धरली, हे आईने तुला सांगितलेच असेल. मात्र पुलांच्या पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीचे काम तुझ्याकडे येणार असे ऐकल्यापासून मला नीट झोप नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या एसटीच्या दोन्ही गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. तेव्हा मी चिपळूण स्थानकात वाहतूक नियंत्रक होतो. दुसऱ्या दिवशी खिडकीशी येणारा प्रत्येक जण 'आमचा माणूस त्याच गाडीत होता का' एवढेच विचारी, आणि वाटेत हात दाखवून चढलेल्याचे नाव कुठल्याच कागदावर नसते, हे त्यांना सांगताना माझी जीभ रेटत नसे. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती व तो सुरक्षित ठरला होता, असे पुढे शासनाकडून सांगण्यात आले. कोणाचे काय चुकले याचा निवाडा मी करणार नाही. पण तुझी सहीसुद्धा मे महिन्यातच व्हायची आहे.

तिवरे तर आपल्याच तालुक्यातले. धरणाला गळती आहे असे गावकरी सांगत राहिले, २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले, भेंदवाडीतली वीसेक माणसे गेली, आणि मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ढकलला. खेकड्यांना खुलासा करता येत नाही, हे सोयीचेच.

तू शिकलेली आहेस, पाण्याखाली पाया कसा उघडा पडतो हे मी तुला काय सांगणार? तरी सांगतो, पुलावर जीप थांबवून कठड्यावरून खाली पाहणे म्हणजे तपासणी नव्हे. आमच्याकडे एक जुने चालक होते. स्टिअरिंगवर बसण्याआधी ते गाडीभोवती फिरून प्रत्येक चाकावर टॉमीची लोखंडी कांब आपटून आवाज ऐकत, आणि पोरे हसली तरी फेरी पुरी केल्याशिवाय गाडी हलवत नसत. तू लहानपणी त्यांच्यामागे काठी घेऊन फिरायचीस, आणि मग घरी येऊन आजीच्या पाटाला, पिंपाला, माझ्या सायकलीलाही ठोकायचीस. किती ओरडलो असेन मी!

पुन्हा उपदेश झाला, क्षमा कर. तिथे वरिष्ठ असतील, ठेकेदार असतील, 'मॅडम, दरवर्षी असेच करतात' म्हणणारे तर असतीलच. त्यांच्यापुढे नव्या मुलीने उभे राहणे सोपे नाही, हे मला कळते. म्हणून तर भीती वाटते.

घरचेही सांगायला हवे. आईच्या टाचेला जखम आहे. साखर वाढलेली असताना 'होईल बरी' म्हणत तिने हळद दाबून वर मोजे चढवले, आणि मोज्याला पू लागलेला मला धुण्याच्या बादलीत दिसला तेव्हा हे बाहेर आले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलेत. आता एक दिवसाआड ड्रेसिंग आहे. तू तिला फोन करून रागाव, माझे ती ऐकत नाही. मात्र मी कळवले असे म्हणू नकोस.

तपासणीला कधी निघणार आणि बरोबर कोण असेल, ते लिही. नदीत उतरायची वेळ आली तर एकटी उतरू नकोस, आणि उतरल्याशिवाय सहीही करू नकोस.

तुझे
बाबा