चाचा, तुम्ही हातचं काहीच राखलं नाहीत

चाचा, सलाम.

तुम्ही मराठी झकास बोलता, पण वाचायची वेळ आली की कागद नातवाच्या हातात देता. म्हणून हे पत्र तोच मोठ्याने वाचून दाखवेल असं धरून लिहिते आहे. ते फक्त तुमच्यापुरतं मात्र ठेवत नाही. लालबाग-करी रोडच्या ज्या बायका दिवाळीआधी पिशवीत मैदा-साखर-डालडा घेऊन, नानकटाई भाजून घ्यायला, तुम्ही कामाला आहात त्या बेकरीसमोर रांग लावायच्या, त्यांनाही हे कळायला हवं.

बिस्किटं भाजून दिल्याबद्दल हे आभार नाहीत. त्याची मजुरी तुम्ही किलोवर घेत होतात आणि आम्ही आनंदाने देत होतो. आभार त्यानंतरच्या गोष्टीचे आहेत. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवेच्या दृष्टीने ते योग्यच झालं असं मला वाटतं; आमच्या चाळीत दम्याची माणसं आहेत. पण जुनी भट्टी गेली, जागी छोटा ओव्हन आला आणि घरगुती नानकटाई भाजून द्यायचं तुमच्या मालकांना परवडेना. त्या दिवशी मी पिशवी घेऊन तशीच परत निघाले होते. तुम्ही हात पुसत बाहेर आलात आणि म्हणालात, "ताई, घरी करा. मी सांगतो."

माझ्याकडे ओव्हन नाही, आणणं शक्यही नव्हतं. घरात एकाचा पगार, तोही तेव्हा वेळेवर होत नव्हता, आणि दोन मुलांचे डबे. बिस्किटं करण्याचा मला शून्य अनुभव. आम्ही पिढ्यानपिढ्या जिन्नस मोजून बेकरीत द्यायचो आणि भरलेला डबा घरी आणायचो. मधलं सगळं तुमच्या हातांनी व्हायचं. ते मधलं तुम्ही मला दिलंत.

शेजारच्या चहावाल्याच्या बाकड्यावर बसून तुम्ही सांगितलंत आणि मी वहीत उतरवून घेतलं. २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, २५ ग्रॅम बारीक रवा, १२५ ग्रॅम पिठीसाखर, १५० ग्रॅम तूप. पाव चमचा खायचा सोडा, एक चमचा घट्ट दही, चार-पाच वेलच्या, चिमूटभर मीठ. पिठीसाखर विकत आणायची नाही, घरची साखर मिक्सरला फिरवून चाळायची. बेसनाने खमंगपणा येतो आणि रव्याने खुसखुशीतपणा, म्हणून हे दोन्ही गाळायचे नाहीत, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

मग तुम्ही परात मागवलीत. ते मी कधी विसरणार नाही. तूप पातळ नको, थंडगार घट्टही नको. बोट दाबलं की खळगा पडावा इतपत मऊ. त्यात साखर घालून तुम्ही तळहाताच्या टाचेने ते परातीच्या बुडाशी घासायला लागलात, एकाच दिशेने, न थांबता. मनगटावर जुने भाजल्याचे डाग होते. पिवळसर तूप हळूहळू पांढरं होत गेलं, फुगलं, हलकं झालं. "हवा इथेच भरते, सोडा फक्त मदतीला असतो," असं तुम्ही म्हणालात. त्या एका वाक्याने मला अख्खी बिस्किटं समजली. पुढे मैदा-बेसन चाळून घातलंत आणि हात एकदम सैल केलात. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मैद्याला ओल लागली आणि तो मळला की चिवटपणा येतो. तो चपातीला हवा असतो, नानकटाईला नको. म्हणूनच पाण्याचा थेंबही घालायचा नाही. गोळा होत नसेल तर चमचाभर तूप वाढवायचं. मुठीत दाबून पाहायचं: आकार धरला पाहिजे आणि अंगठ्याने दाबल्यावर सहज फुटला पाहिजे.

मी अजूनही प्रत्येक वेळी ही मुठीची परीक्षा घेते. मैदा पावसाळ्यात वेगळा वागतो, मे महिन्यात वेगळा. वहीतलं प्रमाण तेच राहतं, पण शेवटचा निकाल मूठच देते.

भाजण्याचं तुम्ही जे सांगितलंत ते मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण तिथेच माझ्यासारख्या बाईचं गाडं अडतं. जाड बुडाची जुनी ॲल्युमिनियमची कढई घ्यायची. तळाशी बोटभर जाडं मीठ पसरायचं, वर भांडं ठेवायची रिंग, घट्ट बसणारं झाकण. मध्यम आचेवर १० मिनिटं तापवायची. मीठ आच धरून ठेवतं आणि सगळीकडे सारखी पसरवतं. ज्योत थेट थाळीच्या बुडाला लागत नाही. मग तूप लावलेल्या थाळीत लहान लिंबाएवढ्या गोळ्या जरा चपट्या करून, फुगायला जागा ठेवून मांडायच्या, आच मंद करायची आणि पहिली १२ मिनिटं झाकण उघडायचं नाही. साधारण २० मिनिटांत कडेला बदामी रंग येतो. मीठ गार झालं की बरणीत भरून पुढच्या वेळी पुन्हा वापरायचं, पण ते स्वयंपाकात घ्यायचं नाही. नॉनस्टिक कढई यासाठी नकोच, ती रिकामी तापवायची नसते. कुकर वापरू का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही नको म्हणालात. कोरडा कुकर तापवू नका असं त्याच्या माहितीपुस्तकातच असतं. वापरायचाच झाला तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढून, हेही तुम्ही सांगितलंत. पण कढई असताना कशाला?

आणि ते एक वाक्य, जे कुठल्याही नवशिक्या माणसाला आधी सांगायला हवं: गरम नानकटाई मऊच लागते. कच्ची राहिली असं समजून ती पुन्हा आचेवर ठेवली की खालून करपते. बाहेर काढून थाळीतच राहू द्यायची, हात लावायचा नाही; गार होताना तूप आळतं, साखर घट्ट होते आणि मग तिला कुरकुरीतपणा येतो.

खर्चाचं आपण चहाच्या बिलामागे गणित मांडलं होतं. आमच्या वाण्याच्या आजच्या भावाने मी ते परत करून पाहिलं. मैद्याचे ९, बेसन-रव्याचे ६, साखरेचे ६, वनस्पती तुपाचे २२-२३, वेलची-दही-सोडा मिळून ७ आणि गॅसचे १० धरले तर साधारण ६० रुपयांत अर्ध्या किलोच्या आसपास नानकटाई होते, २७-२८ नग. सगळं साजूक तूप घातलं तर तोच घाणा १३५ च्या घरात जातो. निम्मं साजूक आणि निम्मं वनस्पती घेतलं तर शंभराच्या आत बसतं, वासही साजूक तुपाचाच येतो. मी हेच करते. वनस्पती तुपाबद्दल मनात किंतु असायचा. २०२२ पासून त्यातल्या ट्रान्सफॅटवर, म्हणजे हृदयाला घातक चरबीवर, २ टक्क्यांची मर्यादा आली आहे हे कळल्यावर तो कमी झाला, तरी मुलांना रोज देत नाही.

तुम्ही एक गोष्ट फार प्रामाणिकपणे सांगितलीत. पाच रुपयांच्या ग्लुकोजच्या पुड्याशी घरच्या बिस्किटाची भावात बरोबरी करायला जाऊ नका, तिथे कारखानाच जिंकणार. विलेपार्ल्याचा तो जुना पार्ले-जीचा कारखाना २०१६ साली बंद झाला, स्टेशनात येणारा गोड वास गेला, पण पुडा अजून कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळतोच. आपली तुलना बेकरीच्या तुपातल्या नानकटाईशी. तिथे मात्र घरचा डबा स्वस्त पडतो आणि आत काय घातलंय ते आपल्याला माहीत असतं.

कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे नाही, ही तुमची शिकवण मी बाकीच्या स्वयंपाकालाही लावते. साचे नकोत, चाकूने वर फुली मारली की झालं. बटर पेपर नको, तुपाचा हात पुरतो. महागडं इसेन्स नको, वेलची-जायफळ आहे. पिस्ते-बदाम नसले तर चारोळी, तीही नसली तर काही नाही. पण तूप खवट नको. जुनं, वास मारणारं तूप बिस्किटात संपवू म्हटलं तर सगळा घाणा वाया जातो. आणि सोड्यात हयगय नको: तो जास्त झाला की रंग पिवळा पडतो आणि जिभेवर साबणाची चव रेंगाळते. म्हणून पाव चमचा म्हणजे सपाट पाव चमचा.

पावसाळ्यात काय, हे विचारायला मी पुन्हा आले होते. मुंबईच्या दमट हवेत बिस्किट तासाभरात सादळतं. तुम्ही म्हणालात, पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, नाहीतर आतल्या वाफेनेच मऊ पडतील. डबा पत्र्याचा किंवा स्टीलचा, घट्ट झाकणाचा. एवढं करूनही सादळली तर त्याच मिठाच्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं, की पुन्हा कडक. जुलैत आम्ही हेच केलं, आणि डब्याच्या तळाची नानकटाईही कोणी टाकली नाही.

खारीबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही सरळ नाही म्हणालात. मैद्याचे आणि तुपाचे थर एकमेकांत न मिसळता लाटायचे, ते आमच्या दहा बाय बाराच्या उकाड्यात जमणं कठीण, तूप वितळून थर चिकटतात. खारी आणि टोस्ट बेकरीतूनच घ्या. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून तुम्ही हे बोलला नाहीत, कारण नानकटाईचं गिऱ्हाईक तर तुम्ही स्वतःच्या हाताने सोडलं होतंत. काय घरी होतं आणि काय होत नाही, हे खरं-खरं सांगणारा माणूस मला तोपर्यंत भेटला नव्हता.

हुनर लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मसाल्यातला एक जिन्नस न सांगणारी, पाकाची खूण तोंडातल्या तोंडात पुटपुटणारी. तुमची तर रोजीरोटीच या कामावर चालते. तरी मी उलटसुलट, पुन्हा पुन्हा विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर तुम्ही दिलंत, "का" ते सांगून दिलंत, आणि मी वही मिटेपर्यंत उठला नाहीत. मधल्या सुट्टीत मुलगा वर्गातल्या मित्रांना नानकटाई वाटतो, त्यातला एक वाटा तुमचा आहे. शेजारच्या वहिनी माझ्याकडून शिकल्या, त्यांच्याकडून त्यांची कॉलेजातली भाची शिकली. ती कणकेत निम्मा मैदा घालून करते. जरा रवाळ होते, पण छान लागते. तुम्ही एकदा खाऊन सांगा.

मनापासून आभार, चाचा. माझे, घरच्यांचे आणि आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांचे.

एक विचारायचं राहिलंय. जिऱ्याची खारट बिस्किटं करायची आहेत, साखर अगदी कमी. साखर कमी केली तर तूप तेवढंच ठेवायचं की घटवायचं? आणि जिरं भाजून घालायचं की कच्चं? रविवारी दुपारची तुमची पाळी संपली की चहाच्या बाकड्यावर येते, वही घेऊन. भाचीच्या हातची कणकेची नानकटाईही आणते. चाचींना माझा सलाम सांगा.

तुमची,
लालबागची ताई